बाबा काय म्हणाले होते

टेंभुर्णी
४ सप्टेंबर २०२५

अर्पिता,

तुझा पत्ता भारतकडून घेतला. भावावर चिडू नको, मी तीनदा मागितला तेव्हा कुठं त्यानं दिला. माझा फोन तू उचलत नाहीस म्हणून हे पत्र. अंगणवाडीत बत्तीस वर्षं रजिस्टरं लिहिली, पण कुणाला पत्र लिहायची वेळ आली नव्हती. चूकभूल समजून घे.

बाबा आजारी आहेत. जिवाला धोका नाही, आधीच सांगते. मागच्या वर्षी जूनमध्ये संभाजीनगरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी पार्किन्सन म्हणून सांगितलं. उजवा हात थरथरायचा, ते गोळ्यांनी बरंच कमी झालंय. उंबऱ्यापाशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. मी 'एक दोन, एक दोन' म्हटलं की उचलतात. ज्या माणसानं सव्वीस वर्षं पोरांना कवायत शिकवली त्याला मी एक दोन म्हणते, हे त्यांना आवडत नाही. पण चालतात.

मला सांगायचं आहे ते त्यांच्या आवाजाचं. मैदानावर ते 'सावधान' म्हणाले की आठवडी बाजारातली माणसं मान वळवून बघायची, हे तुला माहीतच आहे. आता मी हाताच्या अंतरावर बसले तरी 'काय?' म्हणून विचारावं लागतं. बारीक, सपाट, एका सुरात बोलतात. आणि त्यांना वाटतं, आपण बराबर बोलतोय. मी म्हणायची, मोठ्यानं बोला. ते म्हणायचे, बोलूनच राह्यलो ना, तूच कान तपासून घे. शेवटी मी खरंच जालन्याला जाऊन कान तपासले. चांगले निघाले.

डॉक्टरांनी सांगेपर्यंत वर्ष-दीड वर्ष मला वाटायचं की ते मुद्दाम करतात. आपल्या घरात तुला नि मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. बाबा ओरडले तर घाबरायचं कारण नाही. आवाज खाली आला की समजायचं, आता खरे रागावले. म्हणून मला वाटलं, माझ्यावर रागावलेत. रागवावं असं माझ्या हातून झालंही होतं. मी माझं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. ते काही बोलले नाहीत. म्हणजे, मला ऐकू आलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या फेब्रुवारीत तू जालन्याच्या स्टँडवरून फोन केलास, तेव्हाही त्यांचा आवाज बसायला लागला होता. आम्हाला कळलं नव्हतं. ते गप्प बसले असं तुला वाटलं असेल. ते रागाचं गप्प बसणं नव्हतं, एवढंच लक्षात घे. बाकी जे झालं ते झालं.

तब्येत सांभाळ.

आई

•

टेंभुर्णी
२१ सप्टेंबर २०२५

अर्पिता,

तुझं उत्तर नाही. मी वाटही बघितली नाही, असं म्हणणार होते, पण पोस्टमन दारावरून गेला की मी उठतेच.

डॉक्टरांनी बाबांना जालन्यात प्रिया मॅडमकडे पाठवलं. बोलायला शिकवतात त्या. वय तुझ्याएवढंच असेल. आठवड्यातले दोन दिवस आम्ही एसटीनं जातो, दोन दिवस त्या मोबाइलवरून शिकवतात.

पहिल्या दिवशी त्यांनी बाबांना खुर्चीत बसवलं आणि समोर मोबाइल ठेवला. आवाज किती मोठा ते त्यात आकड्यात दिसतं. आपण दोघी साधं बोललो तर साठ-पासष्टला काटा जातो म्हणे. बाबा त्यांचं नाव, गाव, नोकरी सांगत होते आणि काटा पन्नासच्या वर जायला तयार नाही. मॅडम म्हणाल्या, सर, आता मैदानावर उभे आहात असं समजा आणि लांब 'आ' म्हणा. त्यांनी म्हटलं. सत्तरला गेला. लगेच थांबले आणि माझ्याकडं बघून ओशाळले. म्हणाले, 'मी काय भांडायला आलो का इथं? एवढं वरडायचं?' अगं, ते ओरडले नव्हते. माणूस दुसऱ्या खोलीतून चहा मागतो तेवढाच तो आवाज होता.

मॅडमनी ते सगळं रेकॉर्ड करून ठेवलं होतं. त्यांना सुरुवातीचं साधं बोलणं ऐकवलं. बाबा पुढं वाकले. दुसऱ्यांदा ऐकवा म्हणाले. मग विचारलं, 'हा मी हाय का?' मॅडम हो म्हणाल्या. 'मंग माझं कुणालाच ऐकू जात नसंल.' हे त्यांनी इतक्या साधेपणानं म्हटलं की मला तिथं बसवेना, मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर आले.

नंतर मॅडमनी मला समजावून सांगितलं. कान चांगले आहेत. घशालाही काही झालेलं नाही. कानातून आलेला आवाज मेंदू मोजतो, ते मोजमापच या आजारात बिघडतं. स्वतःचा बारीक आवाज त्यांना आतून मोठा वाटतो आणि बराबर बोलले की ओरडल्यासारखं वाटतं. म्हणून 'मोठ्यानं बोला' म्हणून काही उपयोग होत नव्हता. त्यांच्या मते ते मोठ्यानंच बोलत होते. आता त्यांना स्वतःच्या कानावर भरवसा न ठेवता, ओरडल्यासारखं वाटलं तरी तेवढ्या जोरानं बोलायची सवय लावायची आहे.

परत येताना गाडीत ते फोन काढून बसले होते. तुला केलेल्या फोनांची यादी त्यांनी मला दाखवली. फोन करतात हे मला माहीत होतं. एवढे केलेत हे माहीत नव्हतं. दोनदा तू उचललास. ते बोलले. तू ठेवून दिलास. मग तुझा मेसेज आला होता, बोलायचं नसेल तर फोन करू नका. तो त्यांनी अजून पुसलेला नाही. इतके दिवस त्यांना वाटत होतं, आपला आवाज ऐकताच तू फोन कापतेस.

फोन कानाला लावलास तेव्हा तुला काहीच ऐकू आलं नसेल ना?

आई

•

टेंभुर्णी
१२ ऑक्टोबर २०२५

अर्पिता,

आज एक तपासणी झाली, ती तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

प्रिया मॅडमनी एका बाईच्या आवाजातलं एकच वाक्य चार वेळा ऐकवलं. 'नळाला पाणी आलं.' एकदा आनंदानं, एकदा चिडून, एकदा रडत आणि एकदा साधं. समोर चार चेहऱ्यांची चित्रं होती. वाक्य ऐकायचं आणि चित्रावर बोट ठेवायचं. आनंदाचं त्यांना कसंबसं कळलं. बाकी तिन्ही वेळा बोट साध्या चेहऱ्यावर. मी मागं बसले होते. रडतानाचं वाक्य असं होतं की शेजारच्या खोलीतल्या माणसानं उठून यावं. बाबांनी शांतपणे साध्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि पुढच्या वाक्याची वाट बघत बसले.

मॅडम म्हणाल्या की सगळ्यांनाच असं होत नाही, पण पुष्कळांना होतं. शब्द कळतात, शब्दांमागचा सूर कळेनासा होतो. आणि गोंगाटात तर शब्दसुद्धा निवडता येत नाहीत.

त्या दोन वर्षांत मी चुलीपुढं किती वेळा रडले, अर्पिता. ते पलीकडं पेपर वाचत बसलेले असायचे. मी तसंच कापऱ्या आवाजात विचारायची, भाकरी वाढू का? ते म्हणायचे, वाढ. मी मनात म्हणायची, दगड आहे हा माणूस.

एसटीत बसल्यावर त्यांनी तिकिटं खिशात ठेवली. मग माझ्याकडं वळून, मॅडमनी शिकवलं तसं जोर लावून विचारलं, 'त्या दिवशी अर्पी रडत होती का?'

पुढच्या सीटवरच्या बाईनं मागं बघितलं.

मी म्हटलं, लई दिवस झाले, स्टँडवरचा गलका होता, मला आठवत नाही.

मला सगळं आठवतं. पत्र इथंच थांबवते. उद्या-परवा लिहीन.

आई

•

टेंभुर्णी
१४ ऑक्टोबर २०२५

अर्पिता,

दोन दिवस घेतले. आता लिहिते, आणि परत न वाचता पाकिटात घालते, नाहीतर फाडून टाकीन.

सोळा फेब्रुवारीला दुपारी तुझा फोन आला तेव्हा बाबा पलंगावर होते आणि मी त्यांच्या पायाशी बसून तूर निवडत होते. त्यांना फोनवरचं नीट समजत नव्हतं म्हणून त्यांनी स्पीकर लावला. तू म्हणालीस, बाबा, मी घर सोडलंय, त्यानं परत हात उचलला. बॅग घेऊन स्टँडवर उभी आहे. टेंभुर्णीची गाडी लागली आहे. येऊ का?

तुला वाटतं, बाबा काही बोलले नाहीत.

ते बोलले. ते म्हणाले, 'ये बाई. आत्ताच बस गाडीत. मी स्टँडवर येतो घ्यायला.' मला ऐकू आलं, कारण मी हातभर अंतरावर होते. तू म्हणालीस, बाबा? बाबा, बोला ना. ते परत म्हणाले, 'ये म्हणतोय ना.' तुला काही गेलं नाही. तुझ्या मागं गाड्यांचा आवाज होता, आणि यांचा आवाज सपाट, ओठातल्या ओठात.

मला कळलं की तुला ऐकू गेलं नाही. मी एवढंच म्हणायला हवं होतं, बाबा ये म्हणतायत. मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि काय म्हटलं ते तुला पाठ असेल. 'आत्ता नको, बाई. भारतचं एवढं होऊन जाऊ दे.' आणि फोन बंद केला.

स्पीकरवरच्या त्या गलक्यात बाबांना मी काय बोलले ते समजलं नव्हतं. त्यांनी विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, तिला नागपूरला नोकरी लागलीय, मैत्रिणीकडं चाललीय, इकडं येत न्हाई म्हणते. ते सदरा घालायला उठले होते. एक बाही घातलेली. तसेच परत बसले.

कारण तुला माहीत आहे. भारतचा मोनालीशी साखरपुडा बारा दिवसांवर होता आणि तुझी सासू तिची सख्खी आत्या. तू घरी आलीस तर ते लग्न मोडणार, असं मी ठरवून टाकलं होतं. तू त्याआधी दोनदा मला नवऱ्याच्या मारण्याबद्दल सांगितलं होतंस, आणि दोन्ही वेळा मी म्हटलं होतं की होतं सगळं सुरळीत. मी बत्तीस वर्षं गावातल्या पोरींना सांगत फिरले, सहन करू नका, तक्रार करा. माझ्या पोरीची वेळ आली तेव्हा मी तूर निवडत राहिले.

आणखी एक सांगते, म्हणजे काही लपवलं असं नको. मागच्या दिवाळीत मोनालीनं स्वतःहून विषय काढला. म्हणाली, आत्याच्या घरचं मला लहानपणापासून माहीत होतं, माझ्या पप्पांनाही माहीत होतं. ताई इथं आल्या असत्या तरी आमचं लग्न मोडलं नसतं. तुम्ही विचारलं का नाही? मी कुणालाच काही विचारलं नव्हतं.

बाबांना आजही वाटतं की त्यांनी ये म्हटलं आणि तू आली नाहीस. तुला वाटतं की तू विचारलंस आणि ते बोलले नाहीत. दोघांच्या मधे मी होते. आजाराचा दोष थोडा, अर्पिता. आजारानं त्यांचा आवाज बारीक केला. बाकीचं मी केलं.

माफी मागत नाही, कारण मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

आई

•

टेंभुर्णी
६ नोव्हेंबर २०२५

अर्पिता,

तू फोन उचललास हे मला माहीत आहे, मी तिथंच होते. पण त्याच्या आधीचं तुला ठाऊक नाही.

ते पत्र पोस्टात टाकून मी घरी आले आणि तसंच बाबांसमोर बसून त्यांना सगळं सांगितलं. तुला लिहिलं तेवढंच, त्याच क्रमानं. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. माझं बोलून झालं तरी ते माझ्याकडं बघतच होते. चेहऱ्यावरही आता काही दिसत नाही त्यांच्या, तोही या आजाराचाच भाग. मला वाटलं, यांना समजलंच नाही. तेव्हा ते म्हणाले,

'तू रडायलीस का?'

मी हो म्हटलं. माझा पदर ओला झाला होता, तरी त्यांना विचारावं लागलं.

'मंग सांगत जा. मला आता कळत न्हाई.' मग म्हणाले, 'मी चिडलोय. माझ्या आवाजात येऊन राह्यलं का?'

मी म्हटलं, न्हाई.

'मंग ऐकून घे. मी लई चिडलोय.'

पुढं आठ दिवस त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. स्वतः करायचे. अर्धा ओट्यावर सांडायचा, मी पुसायला गेले की हातानंच थांबवायचे. बोलले मात्र रोज. सकाळी मॅडमनी दिलेला 'आ' झाला की मला म्हणायचे, आजही चिडलोय. मी म्हणायची, ठीक आहे. ऐन दिवाळीच्या दिवशीसुद्धा. नवव्या दिवशी म्हणाले, आज थोडं कमी हाय. माझ्या लग्नाला सदतीस वर्षं झाली. इतकं स्वच्छ ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

तुला फोन करायचा तर आवाज पक्का झाल्यावरच, असं त्यांनी ठरवलं होतं. प्रिया मॅडमनी पंधरा दिवस त्यांच्याकडून फोनवर म्हणायचं एकच वाक्य घोटून घेतलं. रविवारी त्यांनी अंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि ओसरीत उभं राहून स्पीकरवर फोन लावला. म्हणाले, बसून आवाज दबतो. तू 'हॅलो' म्हणालीस आणि त्यांनी 'अर्पिता' म्हटलं ते असं की समोरचे भुजंगराव आपल्या दारातून पळत आले, सर, काय झालं म्हणून. मी त्यांना हातानंच थांबवलं. भुजंगराव तिथंच चप्पल हातात धरून उभे राहिले.

'मी त्या दिवशी ये म्हणलो होतो,' बाबा म्हणाले. 'तुला गेलं नाही. आज परत म्हणतो. ये.'

पलीकडं तू काय करतेस ते मला ऐकून कळत होतं, त्यांना कळत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तूच म्हणालीस,

'बाबा, मी रडतेय.'

म्हणजे तू माझी पत्रं वाचलीस.

'रड,' ते म्हणाले. 'मी हाय लाइनवर.'

तुम्ही पुढं अर्धा तास बोललात. मी आणि भुजंगराव बाहेर पायरीवर बसलो होतो. त्या दिवशी संध्याकाळी बाबांचा घसा बसला. मॅडम हसल्या. म्हणाल्या, खऱ्या मैदानावरची कवायत झाली म्हणा.

आई

•

टेंभुर्णी
२९ डिसेंबर २०२५

अर्पिता,

भारतनं सांगितलं, तू नीट पोचलीस.

तू चार दिवस राहिलीस. बाबांशी सकाळपासून बोलायचीस. त्यांना घेऊन रोज शाळेच्या मैदानाला चक्कर मारायचीस, मोबाइलवर ठेका लावून. त्या ठेक्यावर त्यांची पावलं मोकळी पडत होती, मी गच्चीवरून बघितलं. तू गेल्यावर त्यांनी तो ठेका माझ्या मोबाइलवर घालून घेतलाय. आता माझं 'एक दोन' बंद, 'ही बाई लई घाईत म्हणते' म्हणतात.

माझ्याशी तू चार दिवसांत टॉवेल, चहा आणि गाडीची वेळ एवढंच बोललीस. मी तुझ्या आवडीचं आंबट वरण केलं, तू खाल्लंस आणि ताट उचलून गेलीस. मला काही म्हणायचा हक्क नव्हता. रात्री बाबांनी विचारलं, तुम्ही दोघी बोलल्यात का? मी म्हटलं, बोलतो आम्ही. त्यांना माझ्या सुरावरून खोटं ओळखता येत नाही, पण या वेळी ओळखलं असावं. म्हणाले, तिला काय म्हणायचं ते म्हणू दे.

निघायच्या दिवशी सकाळी तू स्वयंपाकघरात आलीस. मी पोळ्या लाटत होते. तू दाराला टेकून उभी राहिलीस आणि म्हणालीस, 'आई, मला तुझा राग आहे. तो गेलेला नाही. जाईल का तेही मला माहीत नाही. तुला वाटेल मी घरी आले म्हणजे झालं, म्हणून सांगते.'

मी 'बरं' म्हटलं आणि पोळी तव्यावर टाकली. तू बॅग भरायला गेलीस.

गाडी गेल्यापासून मला तेच खातंय. तू धीर करून एवढं बोललीस आणि मी 'बरं' म्हटलं. तुला वाटलं असेल, आईला काही वाटतच नाही. बाबांचा आवाज आजारानं सपाट झाला. मला तर काही झालेलं नाही.

म्हणून ते 'बरं' काय होतं ते लिहून कळवते. मला लाज वाटली. तू उभी होतीस तिकडं मान वर करून बघायची हिंमत झाली नाही. भीती वाटली की आता तू कधीच येणार नाहीस. आणि त्याच वेळी मला आनंद झाला, अर्पिता, कारण जे बोललीस ते माझ्याशी बोललीस. एवढं सगळं त्या एका शब्दात होतं. तुला ऐकू गेलं नसेल.

आई